टॉम बू, नातेवाईक नाहीत

रॉलिन्स क्रीक,
सप्टेंबरचा दुसरा रविवार, चर्चनंतर

प्रिय रोवीना,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगते, हे डेझमंडचं आहे. बोलणं माझं, हात त्याचा. उसाच्या आगगाड्या चालवण्यात आयुष्य गेलेला माणूस जसा लिहील तसाच लिहितो. सरळ, सावकाश, आणि वळण आलं की आधी शिट्टी, म्हणजे खाकरणं. मी त्याला बजावलंय की मी बोलेन ते सगळं उतरवायचं, त्याच्याबद्दल बोलले तरी. आत्ता खाकरला बघ.

तुझं नाताळाचं कार्ड पोचलं होतं. बर्फाचं चित्र, बर्फात लाल छातीचा पक्षी. इथे त्या दिवशी इतकं उकडत होतं की पुडिंग आपोआप शिजलं असतं. कार्डाच्या आत काय लिहिलंय ते मी कुणाकडून वाचून घेतलं नाही. तू जे लिहिलं असशील ते दोन ओळींत मावणारं होतं, आणि दोन ओळींत मावणारं तू कधी बोलत नाहीस, म्हणजे ते तुझं नव्हतंच. चित्र मात्र भिंतीला लावलंय. तेव्हापासून नऊ महिने झाले. त्याआधीचे दोन धरले, तर तू बॅग उचलून बसमध्ये बसलीस त्याला अकरा. मला अक्षरं येत नाहीत, महिने मोजता येतात.

इकडची खबर म्हणशील तर ऊस तोडायचे दिवस आहेत. चारी बाजूंनी शेतं पेटवतात आणि ती काळी काजळी उडत येऊन बरोब्बर माझ्या पांढऱ्या चादरींवर बसते, तिला दुसरीकडे जागाच नाही. आंब्याला मोहोर आलाय. तारोचा कंद उकडते तो एकटीपुरता उकडायचा म्हणजे किती, हे मला अजून जमत नाही. चार दिवस तोच पुरतो. रेडिओवरच्या बातम्यावाल्याशी मी आता मोठ्यानं भांडते, आणि परवा तर त्याला "बस, चहा टाकते" म्हणाले. तुझ्या खोलीत मी शिलाई मशीन नेऊन ठेवलंय. खोली रिकामी दिसत होती म्हणून, शिवायला काही नाही. मघाशी डेझमंड कागद शोधायला म्हणून मशीनचा खालचा खण उघडायला गेला, तर मी अशी ओरडले की त्याच्या हातातला चष्मा पडला. खणात सुया आहेत म्हटलं. तुलाही लहानपणी हेच सांगायचे, आठवतं? तू कधी उघडला नाहीस. गुणी पोर होतीस.

पण मी चादरींसाठी पत्र लिहून घेत नाहीये. मागच्या खेपेला तू जो प्रश्न घेऊन आली होतीस, की थोरला विली आपल्या माणसांना टाकून गेला की नाही, त्याचं उत्तर मला सापडलंय. तुला नाही, मला. तू ब्रिस्बेनच्या त्या थंडगार कचेरीत पांढरे हातमोजे घालून मेलेल्या लोकांच्या याद्या वाचतेस, आणि उत्तर सापडलं कुणाला, तर जिला स्वतःचं नाव वाचता येत नाही तिला. थोडी फुशारकी मारू दे. पुढे मारण्यासारखं काही नाही.

तू आली होतीस तो दिवस मला घडीघडीनं आठवतो. या टेबलावर तू कागद पसरलेस. आधी ती शिरगणती, ऊस तोडायला आणलेल्या आपल्या बेटांवरच्या लोकांना जहाजांत घालून परत पाठवायचं सरकारनं ठरवलं तेव्हा पोलिसांनी मळ्यामळ्यांतून फिरून केलेली. तू बोट ठेवून वाचलंस, "विली, मलैता बेट, ऊसतोड मजूर. ॲनी, बायको. मूल एक, मुलगा, नाव घेतलं नाही." मी म्हटलं, "नाव घेतलं नाही म्हणजे? त्या मुलाला नाव होतं की! जेकब. माझा बाप तो." तू म्हणालीस, "आजी, शिपायाला घाई असेल." मी म्हटलं, "तुला त्या शिपायाचा भारी पुळका." मग तू दफनाच्या नोंदींचे फोटो काढलेस, आसपासच्या चार चर्चांच्या वह्यांचे. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "नुसती नावं वाच, बाकीचे रकाने राहू देत, मासा गार होतोय." तू पंधरा पानं नुसती नावं वाचलीस. मध्येच एक आलं, टॉम बू. आपण दोघी किती हसलो! मी म्हटलं, "हे काय नाव झालं, कुणीतरी दाराआडून घाबरवल्यासारखं." तुझ्या डोळ्यांत पाणी आलं हसून. लहानपणी हसायचीस तशी हसलीस. या घरात त्यानंतर कुणी हसलेलं नाही, त्यामुळे ते हसू अजून इथेच कुठेतरी असणार.

आणि मग तू शेवटचा कागद काढलास, जहाजाची यादी. त्यात होतं, "विली, मलैता." त्याच्याखाली, "सॅम, मलैता." तू हळूच म्हणालीस, "आजी, सापडला."

आता तुला माहीत असलेलंच पुन्हा सांगते, कारण मला ते सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. माझा बाप सात वर्षांचा होता. थोरल्या विलीला इथे राहून वीस वर्षं झाली होती. ज्यांना इतकी वर्षं झाली त्यांना राहायचा कागद मिळायचा, पण तो मागायला कार्टर्स क्रॉसिंगला जावं लागे, पायी दोन दिवस. तो निघाला. सोबत सॅम, ॲनीचा भाऊ. निघताना विली मुलाला म्हणाला, "येताना तुला पाटी आणतो. मिशनच्या बाई झाडाखाली शिकवतात ना, तिथे जायला लाग." माझा बाप रोज वाटेवर जाऊन उभा राहायचा. आठवडा झाला, दोन झाले. ते दोघे गेले त्याच आठवड्यात जहाज सुटलं होतं. कुणीतरी येऊन सांगितलं की यादीत विली होता, सॅमही होता. झालं. ॲनी मुलाला घेऊन रानात लपली म्हणून ती दोघं राहिली. आणि तेव्हापासून आपल्या घरात कुणी पुरुष बायकापोरांना सोडून गेला की त्याला एकच शब्द, जहाजात बसला.

माझ्या बापानं पाटी हा शब्द घरात येऊ दिला नाही. मी सहा वर्षांची झाले तेव्हा शाळेच्या बाईंनी मला एक तुटकी पाटी दिली होती. आपल्या पोरांना शाळेत कुणी फारसं घेत नसे, पण त्या घ्यायला तयार होत्या. मी ती छातीशी धरून घरी आणली. बापानं ती माझ्या हातातून घेतली, मारलं नाही, ओरडला नाही, ओढ्यावर नेऊन बुडवली, आणि म्हणाला, "पाटी आणायला गेलेली माणसं परत येत नाहीत." दुसऱ्या दिवसापासून मी उसात. म्हणून मला अक्षरं येत नाहीत, रोवीना. लोक समजतात मी मठ्ठ होते. डेझमंड, हेही लिही. "मठ्ठ" लिहिलंस? बरं.

माझी आजी ॲनी तर विलीबद्दल काहीच बोलायची नाही, चांगलं नाही की वाईट नाही. आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याची बाजू तरी कशी घेणार? ती नुसती वाटेकडे तोंड करून बसायची. आम्हाला वाटायचं, म्हातारी उन्हाला बसलीय.

तर तू "सापडला" म्हणालीस आणि मला जिंकल्यासारखं झालं. हे खरं सांगते. सत्तर वर्षं जे ऐकलं ते कागदावर निघालं, याचा एक वाईट आनंद असतो. मी म्हटलं, "बघ, मी सांगत नव्हते? रक्तातच आहे ते. तो बसला जहाजात, तुझा बाप बसला." तू विचारलंस, "आजी, बाबांनी खरंच कधी काही कळवलं नाही? एकदाही?" मी म्हटलं, "जहाजात बसलेली माणसं कळवत नाहीत." मी तरी तिथे थांबावं की नाही? नाही. मी पुढे म्हटलं, "आणि तू काय वेगळी? ब्रिस्बेनला जाऊन बसलीस ती बसलीसच." तू कागद गोळा केलेस, अगदी कडेला कडा जुळवून, आणि म्हणालीस, "रक्तातच असेल तर मग माझा इलाज नाही." मासा तसाच राहिला ताटात. दुसऱ्या दिवशी मीच खाल्ला. मला तो फेकवला नाही.

आता ऐक पुढे काय झालं. जुलैमध्ये डेझमंडच्या बहिणीचा, पर्लचा नवरा गेला. त्याचं नाव होतं

इथे कोरी जागा दिसेल. मी नाव सांगितलं, पण डेझमंडनं पेन खाली ठेवलं. तुला लहानपणी सांगितलं होतं, शहरात राहून विसरली असशील. आपल्या जुन्या लोकांत बहिणीचा नवरा किंवा बायकोचा भाऊ, म्हणजे मेव्हणा, त्याला टाम्बू म्हणतात, आणि त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. जे करायचं नाही त्यालाही टाम्बू म्हणतात. एकच शब्द. डेझमंड या बाबतीत अजून आपल्या पणज्याच्या काळात राहतो. मी म्हटलं, "अरे, बोलू नको, लिही तर." तो म्हणतो, "आंटी, लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच." माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे आणि मला आंटी म्हणतो. राहू दे. तुला माणूस ठाऊक आहे, तुला तो सायकलवर पुढे बसवून ओढ्यावर न्यायचा.

तर शहरातल्या इस्पितळात आम्ही तिघं गेलो. पर्लला खुर्चीवर बसवलं. ती काही बोलण्यासारखी नव्हती, नवऱ्याचं नाव तर तिनं चाळीस वर्षांत घेतलं नव्हतं. मी तिचा हात धरून शेजारी. खिडकीशी डेझमंड उभा. आतल्या मुलीनं विचारलं, "गेलेल्यांचं नाव?" डेझमंड म्हणाला, "टाम्बू." मुलगी लिहायला लागली, "स्पेलिंग सांगता का?" डेझमंड म्हणतो, "मला नाही सांगता यायचं." ती म्हणाली, "हरकत नाही, मी लिहिते अंदाजानं. तुमचे कोण लागतात?" "टाम्बू." "ते नाव झालं काका, नातं विचारतेय." "तेच सांगतोय मी, टाम्बू." मला हसू फुटलं. तिथे, मेलेल्या माणसाच्या कागदावर, बायको शेजारी बसलेली, आणि मी तोंडात हातरुमाल कोंबून हसतेय. मुलीनं तो कागद खिडकीतून पुढे सरकवला आणि आपण लिहिलेलं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं, बरोबर आहे ना म्हणून. तिच्या तोंडून ते काय बाहेर पडलं माहितेय?

टॉम बू.

माझं हसणं थांबलं आणि रडणं सुरू झालं. पर्लला वाटलं मी तिच्या नवऱ्यासाठी रडतेय. तिनं मला मिठीत घेतलं, "तू तरी आहेस गं" म्हणाली. तिच्या नवऱ्याचं रडणं मी त्या दिवशी चोरलं, ते तिला अजून सांगितलेलं नाही. डेझमंड, पर्लला सांगशील तर बघ.

मातीचं सगळं आटोपल्यावर मी डेझमंडला म्हटलं, गाडी काढ. कार्टर्स क्रॉसिंग पायी दोन दिवस, गाडीनं दोन तास, डेझमंडनं चालवली तर साडेतीन. त्या चर्चच्या कचेरीत एक बाई होत्या, तुझ्यासारखेच हातमोजे. मी म्हटलं, जुनी दफनाची वही बघायचीय, टॉम बू नावाच्या माणसाची नोंद. त्यांनी काढली. म्हणाल्या, "तुम्ही नातेवाईक का? इथे तर नातेवाईक नाहीत असं लिहिलंय." मी म्हटलं, "म्हणून तर आले. थोडा उशीर झाला." त्या हसल्या नाहीत. चांगली बाई होती.

डेझमंडनं चष्मा पुसला आणि ओळ वाचली. मी त्याला सगळे रकाने वाचायला लावले. मासा घरी ठेवला होता या वेळी. नाव: टॉम बू. बेटांवरचा मजूर. वय अंदाजे चाळीस. कारण: ताप. नातेवाईक: नाहीत. मृत्यू कळवणारा: सॅम, मलैता, लिहिता येत नाही, त्याची फुली. तारीख वाचली, तर जहाज सुटलं त्याच्या दोन दिवस आधीची. मग शेवटचा रकाना, शेरा. तिथे त्या वेळच्या पाद्रीबाबांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं. डेझमंड वाचताना थांबला. मी म्हटलं, "काय रे?" तो म्हणाला, "आंटी, बसता का?" मी म्हटलं, "उभीच बरी आहे, वाच." तो वाचत गेला: "सामान: एक कांबळं, एक कोयता, शाळेची एक नवी पाटी. पाटी सोबत्यानं कबरीवर ठेवली."

मी त्याच्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. मग त्या बाईंना म्हटलं, पाटी कुठे लिहिलंय तिथे माझं बोट ठेवा. त्यांनी माझा हात धरून ठेवलं, हातमोजा न घालता. इवलासा शब्द होता गं. उसाच्या काजळीचा एक कण पडावा एवढा.

आता तूच विचार कर. सॅम खिडकीशी उभा असेल, डेझमंडसारखा. पाद्रीबाबांनी विचारलं असेल, "याचं नाव?" सॅम म्हणाला असेल, "टाम्बू." "तुझा कोण?" "टाम्बू." पाद्रीबाबांना वाटलं, या माणसाला एवढा एकच शब्द येतो. नाव लिहिलं टॉम बू, आणि नात्याच्या जागी, नाहीत. अख्ख्या मलैतात बहिणीच्या नवऱ्याचा मान राखायची जी सर्वांत मोठी रीत, ती त्यानं ताप चढलेल्या माणसाला दोन दिवस सांभाळून, पुरून, दमून भागूनसुद्धा मोडली नाही. आणि तेवढ्यानंच विली नव्वद वर्षं बिननातेवाईक झाला. सॅम कबरीवरून थेट परत आपल्याकडे आला असता तर सगळं सांगितलं असतं त्यानं, ॲनीला नाव न घेताही सांगितलं असतं. पण वाटेत पकडून त्यालाच जहाजात घातलं. यादीत त्याच्या वरचा विली दुसराच कुणीतरी. मळेवाल्यांना चार नावं ठाऊक, त्यातलं एक विली, आणि या भागात तेव्हा किती विली होते त्याची शिरगणती तूच कर.

म्हणजे तो गेलाच नाही, रोवीना. राहायचा कागद मागायला गेलेला माणूस. पाटी घेतली होती त्यानं. नवी होती.

आम्ही कबरीपाशी गेलो. कबर म्हणजे काय, गवत. दगड नाही, काही नाही. पलीकडे गोऱ्यांच्या कबरींना कुंपण आहे, आपल्यांच्या बाजूला गायी चरतात. मी डेझमंडला गाडीत पाठवलं आणि तिथे बसून राहिले. त्याला हाक मारायला माझ्याकडे नावच नव्हतं. विली हे नाव मुकादमानं दिलेलं, टॉम बू पाद्रीबाबांनी. त्याच्या आईनं ठेवलेलं जे नाव, ते ॲनीला ठाऊक होतं आणि तिनं रीतीप्रमाणे कधी उच्चारलं नाही, ते तिच्याबरोबर गेलं. माझ्या बापाचा मला फार राग आला, आणि मग फार कीव आली. सात वर्षांचं पोर वाटेवर उभं, आणि त्याची पाटी इथे, पावसात. मी एवढंच म्हटलं, "आम्हाला कुणी नीट वाचून दाखवलं नाही हो." दुसरं काय बोलणार?

नोंद दुरुस्त करता येते असं त्या बाई म्हणाल्या. नात्यातल्या कुणीतरी अर्ज करायचा, शिरगणतीची नक्कल जोडायची, स्वतःच्या हातानं सही करायची. माझी फुली त्यांना चालली असती, बाई म्हणाल्या. पण मी म्हटलं, नको. त्या ओळीत आधीच एक फुली आहे, दुसरी नको. नात ब्रिस्बेनला असते, ती सही करेल. त्यांनी कोरा अर्ज दिलाय, सोबत घातलाय.

हा अर्ज पाठवायला एवढं लांब पत्र कशाला, असं डेझमंड मघाशी म्हणाला. त्याला मी आता बाहेर जाऊन चहा टाकायला सांगणार होते, पण मग लिहील कोण? म्हणून त्याच्यासमोरच सांगते. डेझमंड, खाली बघ आणि लिही. खाकरू नकोस.

सोबत दुसरं एक जाड पाकीट आहे. त्यात सात पत्रं आहेत, सातही बंद. शिलाई मशीनच्या खालच्या खणातली. तिथे सुया कधीच नव्हत्या. तुझी आई वारल्यावर माझा कीथ, तुझा बाप, खाणीत काम शोधायला म्हणून पश्चिमेला गेला, तू सहा वर्षांची होतीस. चार महिने काही कळलं नाही, आणि तू रोज फाटकाशी उभी राहायचीस. मला ते बघवेना, म्हणून मी तुला सांगून टाकलं की तो जहाजात बसला, वाट बघू नकोस. त्यानंतर आठ दिवसांनी पहिलं पत्र आलं. मला अक्षरं येत नाहीत, पण पाकिटाच्या मागे त्याच्या नावाचं पहिलं अक्षर होतं, लाथ उगारलेल्या माणसासारखं दिसणारं. तेवढं मी ओळखायची, त्याच्या शाळेच्या डब्यावर तेच होतं. मी पत्र कुणाकडून तरी वाचून घेऊ शकले असते. डेझमंड दोन घरं सोडून राहत होता. वाचता येत नाही हे माझं निमित्त होतं, रोवीना. तुला एकदा सांगून टाकलेलं मला परत घ्यायचं नव्हतं, आणि तुला तो घेऊन गेला असता तर मी काय केलं असतं, हेही होतं. दुसरं आलं, तिसरं आलं. सातव्यानंतर आलं नाही. उत्तर न मिळाल्यावर माणूस किती लिहिणार? तू मला दरवेळी विचारायचीस आणि मी दरवेळी नातेवाईक नाहीत असं लिहून टाकायची. त्या पाद्रीबाबांना निदान शब्द समजला नव्हता.

त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही. नुसत्या शिव्या असतील मला, तर त्या माझ्या आहेत, राहू देत. तुझ्या फ्रॉकचं माप विचारलं असेल, तर ते फ्रॉक तुला आता व्हायचे नाहीत. तो जिवंत असेल तर चोपन्न वर्षांचा असेल. माणसं शोधायची कशी, ते तुलाच येतं. आधी तू एकटीनं वाच. रागावशील तितकी रागाव, रागालाही बसायला जागा लागते, तुझ्या खोलीतलं मशीन मी हलवते. आणि मग जमेल तेव्हा, जमलं तर, ती घेऊन ये आणि इथे या टेबलाशी बसून मला वाचून दाखव. मासा मी तू वाचून झाल्यावरच तळेन. या वेळी सगळे रकाने वाच.

जी कुठेही गेलेली नाही ती, तुझीच
आजी

(खालची फुली तिच्या हातची. मी फक्त कागद धरला. डेझमंड)

✗